पाणी जोखण्याची नोकरी

मी नोकरी काय करते हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. नागपूरला शेजारणी विचारायच्या, तेव्हा त्या सांगायच्या, "सून तिकडे ग्लासगोले फुटबॉलच्या ऑफिसात हाये. खेळ झाला का मार्क देते." मी त्यांना एकदा समजावायला गेले की आई, हा फुटबॉल पायाने खेळतात तो नव्हे, हा हातात घेऊन पळतात आणि हाताने फेकतात. त्यांनी चष्मा वर सारला. मग म्हणाल्या, "हातानं खेळतेत अन् नाव फुटबॉल? मंग तर कोणीतरी मार्क द्यालेच पाहिजे बाप्पा!"

खरं सांगते, ही व्याख्या आमच्या कंपनीच्या वेबसाइटवरच्या व्याख्येपेक्षा बरी होती. मी मार्कच द्यायचे. अमेरिकन फुटबॉलच्या क्वार्टरबॅकला. ब्रिटनमध्ये हा खेळ खेळणारे हौशी संघ, पुरुषांचे तसे बायकांचेही, गावोगावी आहेत हे ब्रिटनमधल्याच निम्म्या लोकांना माहीत नसतं, तेव्हा वाचकांना माहीत नसेल तर संकोच करू नका. मलाही माहीत नव्हतं. संख्याशास्त्र शिकलेली मी, नवऱ्याच्या हॉस्पिटलच्या नोकरीमागोमाग ग्लासगोला आले आणि खेळांची आकडेवारी काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत चिकटले. तिथे सगळ्यांना खरा फुटबॉल हवा होता, थोड्यांना रग्बी. अमेरिकन फुटबॉल कुणालाच नको होता. नवी सून काय आणि ऑफिसातली नवी बाई काय, दोघींच्या पानात उरलेलंच पडतं. माझ्या पानात पडलं ते मी चवीने खाल्लं आणि निवृत्त होईपर्यंत खात राहिले.

खेळ थोडक्यात सांगते. आपल्या संघाला चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यात दहा यार्ड पुढे सरकलात तर पुन्हा चार मिळतात, नाही तर चेंडू गेला समोरच्यांकडे. असं सरकत सरकत शेवटच्या रेषेपलीकडे पोचायचं. प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू येऊन होते. कुणाच्या हातात द्यायचा, कुणाकडे फेकायचा की स्वतःच घेऊन पळायचं, हे तिने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, आणि तेही समोरून चार धिप्पाड बायका अंगावर धावून येत असताना. लग्नघरातल्या थोरल्या वहिनीसारखी ही जागा आहे. सगळं तिच्या हातून जातं. कार्य नीट पार पडलं तर नवरा-नवरीचं कौतुक, आणि मसालेभात कच्चा राहिला की वहिनी कुठे आहेत?

तर या वहिनीला मार्क कसे द्यायचे? आकडेवारीवाल्यांनी त्यासाठी एक सूत्र केलं आहे. किती चेंडू झेलले गेले, किती यार्ड मिळाले, किती वेळा शेवटची रेषा पार झाली आणि किती चेंडू शत्रूच्या हातात गेले, हे सगळं एका भांड्यात घालून ढवळायचं. त्यातून निघणारा पूर्ण गुण शंभर नसतो, दीडशेही नसतो. तो असतो एकशे अठ्ठावन्न पूर्णांक तीन. माझे वडील गणिताचे मास्तर. हे ऐकून ते म्हणाले होते, "ज्याने हा पेपर काढला त्याला आधी नापास करा."

पण माझं खरं भांडण सूत्राशी नव्हतंच. भांडण होतं एका शब्दाशी. कोच लोकांना एखादी मुलगी मनातून आवडलेली असली आणि आकडे तिच्या बाजूने नसले की ते हळूच म्हणायचे, "बट शी हॅज द इन्टॅन्जिबल्स." म्हणजे हातात धरता येत नाहीत असे गुण. धीर, हुकमत, संघाला धरून ठेवणं वगैरे. मी म्हणायचे, हातात धरता येत नाहीत ना, मग माझ्या हातात कशाला देता? मला मोजता येईल ते द्या. मी कामाला बसले की सामन्याच्या फिल्मचा आवाज बंद करत असे. प्रेक्षकांच्या आरडाओरड्याने मोजणारा भुलतो. मुक्या फिल्मवर फक्त घडलेलं दिसतं. ही माझी शिस्त होती आणि तिचा मला गर्व होता.

तरी कंपनीच्या साच्यात त्या शब्दाचा एक रकाना होताच. मी माझ्या कामाच्या प्रतीत त्याचं मराठी करून इंग्रजी अक्षरांत टाइप केलं होतं: 'पाणी'. एखाद्याचं पाणी जोखणं म्हणतो ना आपण, तेच. इंग्रजीतला एवढा लांबलचक शब्द जे सांगत नाही ते आपल्याकडे दोन अक्षरांत उरकतं. शीर्षक असं झोकात दिलं, पण खाली मी काहीच भरायचे नाही. अहवाल पाठवताना तो रकाना काढून टाकायचा, एवढंच.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असायची. एडिनबरामधल्या विद्यार्थ्यांच्या संघाच्या एका कोचला माझा तीस पानी अहवाल नको होता, फोनवर एक आकडा हवा होता. "वन नंबर, मिसेस दाणी. जस्ट वन." मी त्याला विचारलं, तू घर घेतलंस तेव्हा ते तपासणाऱ्या सर्व्हेयरला एकच आकडा मागितला होतास का? तर म्हणाला, "हो, किंमत." मी त्याला आकडा सांगून टाकला. 

आणि लंडनजवळच्या मेडनहेडहून फोन करणारा केतन. मूळचा पुण्याचा, तिकडे सॉफ्टवेअरमध्ये. त्याची दहा वर्षांची मुलगी शाळेत या खेळाचा धक्काबुक्कीविना प्रकार खेळायची. "मॅडम, मी व्हिडिओ पाठवतो. रेटिंग काय येतंय तेवढं सांगा. पोटेन्शियल असेल तर ठीक, नाही तर सॅटर्डेचा स्लॉट मॅथ्सला देता येईल."

"ती खेळताना हसते का?" मी विचारलं.

"हसते म्हणजे? खूपच हसते. तोच प्रॉब्लेम आहे."

"मग शनिवार राहू दे," म्हटलं. या सल्ल्याचे मी पैसे लावले नाहीत.

आता खरी गोष्ट. नोकरीच्या शेवटच्या वर्षी आमच्याकडे ग्लासगोच्या एका महिला संघाचं काम आलं. कोचचं नाव कॅलम. व्यवसायाने प्लंबर, आवाज फुटक्या पायपातून निघाल्यासारखा, मनाने लोणी. त्याच्या संघात दोन क्वार्टरबॅक होत्या. कर्स्टी, जिचे आकडे देखणे होते, आणि रेवा, जिचे नव्हते. रेवा ग्लासगोतच जन्मलेली, प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिची आई मंजिरी पुण्याची, हॉस्पिटलच्या फार्मसीत. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झाली होती, म्हणून मी तिच्या लेकीशी जरा अंतर ठेवूनच वागायचे. ओळखीच्या मुलीला मार्क द्यायचे म्हणजे सासरच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्याइतकं नाजूक काम.

रेवा दोन हंगाम राखीव म्हणून बाकावर बसली होती. त्या वर्षी कर्स्टीचा खांदा दुखावला म्हणून अर्धा हंगाम तिला खेळायला मिळालं आणि संघ चक्क अंतिम सामन्यात जाऊन बसला. तोवर कर्स्टी बरी झाली. आता अंतिम सामन्यात कोण, हा कॅलमपुढचा प्रश्न होता. रेवाने त्याला सांगून ठेवलं होतं की या वेळी तुम्ही मला बसवलंत तर मी चिडणार नाही, पण पुढच्या वर्षी येणारही नाही. धमकी नव्हती ती. एका शिक्षिकेने शांतपणे दिलेली सूचना होती.

कॅलमने माझा अहवाल मागवला आणि मी घाईत तो पाठवला, 'पाणी'चा रकाना न काढता. त्यात एरवी काही नसायचं, पण या वेळी रेवाच्या नावापुढे मी एक प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं होतं. तिच्या आकड्यांत काहीतरी खटकत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. आकडे सांगत होते की ही कर्स्टीपेक्षा डावी आहे, आणि संघ तर हिच्या हाताखाली जिंकत होता.

कॅलमला वाटलं, मी माझं आडनावच चुकीचं टाइप केलंय. दाणीचं पाणी. मग त्याने सरावाच्या वेळी रेवालाच तो शब्द दाखवला. ती म्हणाली, "इट्स मराठी. इट मीन्स वॉटर."

झालं. प्लंबरला पाण्याचं आणखी काय समजावायचं? मिसेस दाणींनी शास्त्रीय पद्धतीने शोधून काढलंय की पोरीच्या अंगात पाणी कमी पडतंय, असं त्याने ठरवलं आणि रेवाच्या हातात एक भलीमोठी बाटली दिली. दर पंधरा मिनिटांनी "वॉटर, रेवा!" बिचारी पीत राहिली. दोन आठवडे असे काढल्यावर ती माझ्या ऑफिसात येऊन उभी राहिली.

"काकू, सॉरी, पण मला एक विचारायचा होता. तुम्ही लिहिला की माझी पाणी कमी आहे. मी इतकी पाणी पितो आता की क्लासमधून सारखा टॉयलेटला जायला लागतं. किड्स आर नोटिसिंग."

मी हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी राहिले. मग तिला बसवलं आणि सांगितलं की बाई गं, हे प्यायचं पाणी नव्हे. माणसात पाणी असतं. तलवारीला पाणी असतं. प्रसंग आला की कुणात किती पाणी आहे ते कळतं.

"ओ!" तिचे डोळे मोठे झाले. "म्हणजे लाइक, करेज? ग्रिट? आणि मी तीन लीटर पितो रोज! पण मग माझी पाणी क्वेश्चन मार्क का आहे?"

"माझं पाणी," मी सवयीने दुरुस्त केलं.

"नाही काकू, तुमचं नाही. माझी."

यावर पुढे व्याकरण शिकवणं शक्य नव्हतं. पण तिचा प्रश्न रास्त होता आणि तो मला झोंबला. म्हटलं, बस इथे, आपण तुझी फिल्म बघू. मी सुरू केली. ती दोन मिनिटांनी म्हणाली, "काकू, साउंड नाहीये." मी माझ्या शिस्तीचं व्याख्यान दिलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "पण मी तर पूर्ण वेळ बोलतच असतो. माझा अर्धा जॉब तोच आहे." आणि तिने हात पुढे करून आवाज चालू केला.

इतकी वर्षं मी मुके सिनेमे पाहत होते म्हणायचं. आवाजासकट तो वेगळाच खेळ होता. तिचा एक चेंडू सरळ मैदानाबाहेर जाताना दिसायचा. मी तो 'चुकला' म्हणून मोजला होता. आवाजात ऐकू आलं, ती फेकायच्या आधीच ओरडते, "थ्रोइंग इट अवे!" म्हणजे अंगावर येणाऱ्यांच्या तावडीत सापडून मागे ढकललं जाण्यापेक्षा तिने तो मुद्दाम बाहेर टाकला होता. शहाणपणाचं काम, आणि सूत्रात वजाबाकी. दुसरा चेंडू मोरागच्या हातातून निसटला. मोराग म्हणजे तिची लांब पळणारी जोडीदारीण, पाय वाऱ्याचे आणि हात लोण्याचे. त्या चुकीचा हिशेबही सूत्र रेवाच्याच नावावर मांडतं. आवाजात ऐकू आलं, रेवा तिला उठवत म्हणते, "माय फॉल्ट, टू हार्ड. नेक्स्ट वन्स युअर्स." तो चेंडू मुळीच जोरात नव्हता. खोटं बोलत होती कार्टी.

मग मी सगळी फिल्म नव्याने बघितली आणि चुकलेले चेंडू वेगवेगळे केले: मुद्दाम बाहेर टाकलेले, दुसरीने सोडलेले आणि खरोखर चुकलेले. खरोखर चुकलेले बघता बघता आटून गेले. कर्स्टीचं उलटं निघालं. ती जवळचे सोपे चेंडू द्यायची. क्रिकेटमध्ये एखादा शेवटाला येऊन नाबाद राहतो आणि सरासरी फुगवतो ना, तसं. मुलगी गुणी होती, पण आकड्यांनी तिला जरा जास्त पावडर लावली होती.

मी कॅलमला लिहिलं, रेवाला खेळवा. इतकं सरळ मी आयुष्यात कुठल्या अहवालात लिहिलं नव्हतं. आम्ही लिहितो ते 'असं दिसून येतं', 'असं म्हणता येईल' छापाचं असतं. कॅलमने फोन केला. "आणि संघ हरला तर, मिसेस दाणी?" मी म्हटलं, "तर मला निवृत्तीच्या पार्टीला बोलावू नका." 

रेवाला मात्र तो शब्द भलताच आवडून गेला होता. सामन्यात ऐनवेळी ठरलेली चाल बदलायची असेल तर क्वार्टरबॅक ओरडून एक खुणेचा शब्द देते. बहुतेक संघ रंगांची नाहीतर शहरांची नावं वापरतात आणि समोरचे ती ओळखतात. रेवाने शब्द ठेवला 'पाणी'. पळायची चाल ठरलेली असताना तिने 'पाणी' म्हटलं की मोरागने जीव घेऊन कोपऱ्यात धावायचं, चेंडू तिथे येईल. स्कॉटिश मुली तो शब्द इतक्या हौसेने शिकल्या की 'णी' म्हणताना त्यांच्या जिभेच्या होणाऱ्या कसरती बघायला मी सरावाला जायला लागले.

अंतिम सामना दक्षिणेत, मेडनहेडजवळच्या मैदानावर. ऊन असं की ग्लासगोची माणसं वितळायला आली होती. केतन लेकीला घेऊन आला होता, तिला शनिवार मिळालेला दिसत होता. आणि मंजिरी आली होती. लेक आपटते ते बघवत नाही म्हणून ती आजवर एकाही सामन्याला गेली नव्हती. या वेळी आली ती एका अटीवर. "मला नुसतं बसवत नाही. हाताला काम द्या." कॅलमने तिला काम दिलं. आता तुम्ही ओळखलंच असेल कुठलं. बाटल्यांची जाळी हातात, खांद्यावर किचनमधला नॅपकिन, अशी ती रेषेवर माझ्या शेजारी उभी राहिली. तो खुणेचा शब्द तिला सांगायचं कुणालाच सुचलं नाही. मलासुद्धा नाही.

सामना अटीतटीचा झाला. सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण मी थेट शेवटच्या मिनिटावर येते. आम्ही चार गुणांनी मागे, चेंडू आमच्याकडे आणि शेवटची रेषा हाकेवर; ती पार झाली की सहा गुण. पळायची चाल ठरलेली. रेवाने समोर पाहिलं, समोरच्या सगळ्या जणी मध्ये दाटीवाटीने उभ्या होत्या. कोपरा मोकळा. ती ताठ झाली, तोंडाशी हात नेले आणि भर उन्हात खणखणीत आवाजात ओरडली, "पाणी! पाणी!"

पोरीच्या जन्मापासून जी हाक आल्यावर मंजिरी हातातलं काम टाकून धावली होती, ती हाक आली. मी तिला धरायला हात टाकला तर माझ्या हाती नुसता नॅपकिन आला. चेंडू रेवाच्या हातात, मोराग कोपऱ्यात एकटी, अख्खा संघ श्वास रोखून, आणि मैदानाच्या मधोमध सलवार-कमीज आणि पांढरे बूट घातलेली एक बाई धावते आहे. "आले गं! आले!"

शिट्टी. पंचाने टाकलेला पिवळा रुमाल, म्हणजे नियमभंग. सगळं थांबलं.

"घे बाळा, पटकन घे," मंजिरी बाटली पुढे करून म्हणाली.

पंच बऱ्याच वर्षांचा अनुभवी असावा, पण हे त्याने पाहिलं नसावं. त्याने आमच्या संघाला पंधरा यार्ड मागे पाठवलं. कॅलम जे बोलला ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. केतन माझ्या कानाशी कुजबुजला, "मॅडम, हे कुठल्या कॉलममध्ये जातं?" आणि मंजिरीला तेव्हा कळलं की आपण काय केलं. तिचा चेहरा मला बघवेना. "अगं रेवा, मी घालवली का गं तुझी मॅच?"

अशा क्षणी क्वार्टरबॅक काय करतात हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. हेल्मेट आपटतात, आकाशाकडे हात करतात, जिची चूक तिच्याकडे पाठ फिरवतात. रेवाने हेल्मेट काढलं, आईच्या हातातून बाटली घेतली आणि खरोखर प्यायली, घटाघटा. "थँक्स आई. मस्त थंड आहे." मग बाटली शेजारच्या मुलीकडे दिली, तिने पुढच्या मुलीकडे, आणि रेवा त्यांना काहीतरी बोलली. सगळ्या पोटं धरून हसायला लागल्या. भीतीने मघापासून काळवंडलेले चेहरे होते ते. मग आईला दंडाला धरून ती आमच्यापर्यंत घेऊन आली.

"काकू, तुम्ही आईला धरून ठेव. घट्ट."

पुढच्या प्रयत्नाला तिने मोरागकडे सुरेख चेंडू टाकला आणि मोरागने तो सोडला. रेवा धावत गेली, तिला उठवलं, हेल्मेटला हेल्मेट लावून काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही, पण मला पाठ होतं. माय फॉल्ट. नेक्स्ट वन्स युअर्स.

आता शेवटचा प्रयत्न. मी मंजिरीला दोन्ही हातांनी कवळ घालून उभी. रेवाने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि पुन्हा तोच आवाज.

"पाणी!"

मैदानावरच्या झाडून साऱ्या माना आमच्याकडे वळल्या. समोरच्या संघाच्या, प्रेक्षकांच्या, मला तर वाटतं पंचाचीसुद्धा. "मी नाही जात! मी नाही जात!" मंजिरी माझ्या मिठीत किंचाळत होती. मोरागवर नजर ठेवून असलेली मुलगीही क्षणभर वळली, आणि तेवढ्या क्षणात मोराग तिच्या मागे निघून गेली होती. चेंडू उंच गेला. तो खाली येईपर्यंत मी काहीही मोजलं नाही. मोजायला हातच मोकळे नव्हते. लोण्याच्या हातांनी तो छातीशी दाबून धरला आणि मोराग रेषेपलीकडे जाऊन आडवी झाली.

त्यानंतर मी नाचले. साठीच्या उंबरठ्यावरची बाई, गुडघ्याचं दुखणं, सगळं असून नाचले. केतनची लेक माझ्याबरोबर नाचली आणि केतन आमचा व्हिडिओ काढत राहिला. कर्स्टी मैदानावर सगळ्यात आधी धावली, हेही लिहून ठेवते.

थोड्या वेळाने रेवा माझ्याजवळ आली, घामाने आणि गवताने माखलेली. मी विचारलं, "मघाशी मुलींना काय बोललीस गं, सगळ्या हसल्या त्या?"

"काही नाही. मी बोललो, माय मम थिंक्स वुई लुक थर्स्टी. ड्रिंक अप, मग जिंकू."

"आणि शेवटचं 'पाणी'? ते मुद्दाम?"

तिने अगदी साळसूद चेहरा केला. "काकू, ते तर आपला नेहमीचा कॉल आहे. लोक आईकडे बघितले तर मी काय करू?"

सोमवारी मी शेवटचा अहवाल करायला बसले. मंजिरी धावली तो प्रयत्न शिट्टीमुळे बाद, म्हणून कुठेच लिहायचा नाही. मोरागने सोडलेला चेंडू सूत्राप्रमाणे रेवाच्या नावावर उणे. बाटली घटाघटा पिण्याला गुण नाहीत. ज्या गोष्टींनी सामना जिंकला त्यांतली एकच सूत्राला दिसली, शेवटचा झेल. वाईट वाटलं. इतक्या वर्षांच्या किती मुक्या फिल्म मी पाहिल्या असतील आणि त्यांत किती रेवा बडबडत होत्या कोण जाणे. तरी त्या दिवशी वाईट फार वेळ टिकेना. डोळ्यांपुढे सारखं मैदानावरचं शेवटचं दृश्य येत होतं.

या खेळात एक रिवाज आहे. जिंकलेल्या संघाने थंड पाण्याचा अख्खा पिंप उचलायचा आणि मागून येऊन कोचच्या डोक्यावर पालथा करायचा. आमच्या मुलींनी पिंप उचलला. कॅलम डोळे मिटून, खांदे पाडून तयार उभा राहिला. मुली त्याच्या बाजूने पुढे गेल्या आणि तो सगळा पिंप त्यांनी मंजिरीवर ओतला. ती किंचाळली, मग बर्फाचे तुकडे केसांतून काढत रडायला आणि हसायला एकदमच लागली. सगळ्या स्कॉटिश मुली तिच्याभोवती फेर धरून ओरडत होत्या, "पा-णी! पा-णी!"

रेवा माझ्या खांद्यावर हात टाकून ते बघत होती. "काकू, बघा ना," ती म्हणाली, "आपलं पाणी."

मी सवयीने दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं. पण दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं.